सरखेल कान्होजी आंग्रे : गडावरच्या चाकरीपासून आरमाराच्या सरदारीपर्यंत

हर्णैच्या बंदरातून मासळीच्या होड्या ज्या पाण्यात उतरतात, त्याच पाण्यात किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुवर्णदुर्ग उभा आहे. त्याच्या समोर, जमिनीच्या बाजूला, कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन लहान किल्ले आहेत. दापोली तालुक्यातील एका किल्ल्याचे नाव गोवा असावे, याचे गोमंतकीय वाचकाला कौतुक वाटेल. मराठ्यांच्या इतिहासात समुद्रावर सर्वांत मोठा झालेला माणूस याच चार किल्ल्यांच्या सावलीत वाढला. तो सरदाराच्या वाड्यात जन्मला नव्हता. वतन, जहागीर किंवा दरबारातील वशिला यांपैकी काहीही त्याच्या पाठीशी नव्हते. गडावरच्या शिबंदीतून निघून मुंबई ते सावंतवाडी या किनाऱ्याचा धनी होईपर्यंतचा कान्होजी आंग्रे यांचा प्रवास म्हणूनच पराक्रमाच्या कथेइतकाच चाकरीतील बढतीचा इतिहास म्हणूनही वाचण्याजोगा आहे.

कान्होजींचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळील आंगरवाडी हे त्यांच्या पूर्वजांचे गाव आणि त्यावरून कुळाला आंग्रे हे नाव पडले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या काळात कोकणात उतरले आणि सुवर्णदुर्गावर सुमारे दोनशे माणसांच्या जमावाचे नायक झाले. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. बालपणी ते हर्णैला एका जोशांच्या घरी राहिले, गुरे राखताना झोपले असता नागाने त्यांच्यावर फणा धरली, अशी एक कथा सांगितली जाते. मोठ्या झालेल्या प्रत्येक माणसाच्या बालपणी असा एखादा नाग येऊन जातोच. त्यापेक्षा त्या मुलाने किनाऱ्यावर काय पाहिले असेल, याचा विचार अधिक फलदायी आहे. कोळी, भंडारी, खारवी, गाबीत आणि दालदी यांच्या वस्त्या, ओहोटीला उघडे पडणारे खडक, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरणारी आणि पावसाआधी खाडीत ओढून घेतली जाणारी तारवे, कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेचा वारा धरतो याचे तोंडी ज्ञान, हीच त्यांची शाळा.

शिवाजी महाराजांनी आरमार उभारले त्याला तेव्हा पुरती दोन तपेही झाली नव्हती. दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान ही त्या आरमाराच्या पहिल्या पिढीतील नावे. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर कोट बांधण्यावरून इंग्रज आणि सिद्दी या दोघांशीही या आरमाराने झुंज दिली आणि बेट राखले. या आरमाराची घडण कशी होती याचे उत्तम वर्णन रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळते. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा होई आणि अशा सर्व सुभ्यांवर एक सरसुभा असे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे मोठे जहाज. त्याच्या नाळेवर समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत आकाराने लहान आणि वेगाने चपळ. चाळीस-पन्नास वल्ही आणि मोठे तिकोनी शीड यांच्या बळावर ते वारा पडला तरी चालत राही आणि वेळ पडल्यास गुराबेला ओढून नेई. तारवावर खलाशी, त्यांच्यावर तांडेल, सारंग, नावाडी आणि गोलंदाज, शिवाय लढणाऱ्या माणसांचा वेगळा जमाव, अशी उतरंड असे. आज्ञापत्रात दोन गोष्टी विशेष लक्षात राहतात. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, कारण मग आरमाराचे लोक सावकाराला नाडतात आणि बंदर बसते, ही एक. जहाजासाठी सागवान तोडावे, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, ही दुसरी. आरमार म्हणजे केवळ लढाऊ जहाजांचा ताफा नसून किनाऱ्यावरच्या माणसांशी केलेला करार आहे, ही समज त्यामागे दिसते.

सुवर्णदुर्गाच्या शिबंदीत तरुण कान्होजी दाखल झाले तेव्हा मात्र हा करार मोडीत निघण्याच्या बेतात होता. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षअखेर रायगड पडला. राजाराम महाराज जिंजीला गेले. कोकणातील किल्ल्यांना मागून कुमक येण्याची आशा उरली नव्हती. या धामधुमीच्या वर्षांत जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार अचलोजी मोहिते याने गड शत्रूच्या स्वाधीन करण्याची बोलणी चालविली. परंपरा सांगते, की ही फितुरी कान्होजींनी ओळखली, सोबतीच्या शिपायांना विश्वासात घेतले, किल्लेदाराला कैद केले आणि लढाई आपल्या हाती घेतली. एका छाप्यात ते स्वतः सिद्दीच्या हाती सापडले, पण पहारेकऱ्यांना चकवून त्यांनी समुद्रात उडी टाकली आणि पोहत पुन्हा गडावर आले. पावसाळा तोंडावर येताच सिद्दीला वेढा उठवावा लागला.

या कथेतील पोहणे सर्वांच्या लक्षात राहते. खरा कठीण प्रसंग त्याआधीचा आहे. आपल्या वरिष्ठाची आज्ञा मोडणे हा कोणत्याही लष्करी चाकरीतील सर्वांत मोठा गुन्हा. गड वाचला नसता, तर कान्होजी बंडखोर ठरले असते आणि त्यांचे नाव कुणाच्या कानी आले नसते. त्या तरुणाने आज्ञेपेक्षा आज्ञेमागचा हेतू मोठा मानला, गडाचा धनी किल्लेदार नसून छत्रपती आहेत असे धरले आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. किल्लेदारी त्यांच्याकडे आली. पुढे आयुष्यभर, सातारा आणि कोल्हापूर यांच्यात ओढाताण चालू असताना, नेमका धनी कोण हा प्रश्न त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा उभा राहणार होता.

त्या वेळी आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर होते. त्यांच्या हाताखाली कान्होजी आणि भवानजी मोहिते यांनी काम केले. मोगलांनी व सिद्दीने घेतलेली किनाऱ्यावरची ठाणी एकेक करून परत घेण्याची ही वर्षे. दप्तरात त्यांच्या फारशा नोंदी नाहीत, पण कान्होजींचा लौकिक याच काळात वाढला. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर वारले आणि आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. सरखेल हा किताब त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला. फारसीत खैल म्हणजे जमाव किंवा पथक आणि त्याचा मुख्य तो सरखेल. जमिनीवरचा हा शब्द कोकणात आला आणि समुद्राचा होऊन बसला. दोनशे माणसांच्या नायकाचा मुलगा वयाच्या तिशीत आरमाराचा मुख्य झाला. राजाराम महाराजांच्या मागे १७०० पासून ताराबाईंनी राज्याची धुरा वाहिली, तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावर औरंगजेब किल्ल्यामागून किल्ला घेत होता आणि खाली किनारपट्टी मात्र कान्होजींच्या हाती घट्ट होत चालली होती.

अलिबागसमोरचा कुलाबा हे त्यांनी मुख्य ठाणे केले. ही निवड धाडसाची होती. ओहोटीला पायी जाता येईल इतका हा किल्ला किनाऱ्याजवळ आहे. उत्तरेला मुंबईचे इंग्रज, दक्षिणेला रेवदंडा-चौलचे पोर्तुगीज आणि त्यापलीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, अशा तिघांच्या मधोमध तो बसलेला आहे. सावध माणसाने सुवर्णदुर्ग किंवा विजयदुर्ग निवडला असता. पण मुंबई बंदरात शिरणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या प्रत्येक शिडावर नजर ठेवायची तर कुलाबा आणि खांदेरी यांच्यासारखी दुसरी जागा नव्हती. विजयदुर्ग हे दक्षिणेचे मोठे ठाणे राहिले. तेथील वाघोटणच्या खाडीत खडक कोरून केलेली गोदी आंग्र्यांच्या काळातील मानली जाते. पुढे १७२० मध्ये अलिबागच्या किनाऱ्यावर हिराकोटही बांधला गेला.

आता तो प्रश्न, ज्यावरून कान्होजींचे नाव युरोपातील पुस्तकांत काळ्या शाईने लिहिले गेले. समुद्र कोणाचा? पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला आणि त्यानंतर लवकरच कार्ताझची पद्धत रूढ केली. आपला परवाना न घेता अरबी समुद्रात फिरणारे जहाज पकडायचे, माल जप्त करायचा, हा तिचा सरळ अर्थ. दोनशे वर्षे या परवान्याला कोणी चाचेगिरी म्हटले नाही. कान्होजींनी हेच केले. फरक इतकाच की परवान्याला दस्तक म्हटले आणि तो मराठी राज्याच्या वतीने दिला. ज्याच्याकडे दस्तक असे त्याला आंग्र्यांच्या किनाऱ्यावर संरक्षण मिळे आणि नसे त्याचे जहाज पकडले जाई. इंग्रजांशी वाद पेटला तो याच मुद्द्यावर. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांबद्दल कान्होजींची फारशी तक्रार नव्हती. पण मुंबई-सुरतेच्या देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली आणि इंग्रजी परवान्यावर दस्तक न घेता जाऊ लागला, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती राज्याच्या हक्काची चोरी होती. इंग्रजांच्या दृष्टीने अर्थातच चोर दुसराच होता.

किनाऱ्यावरच्या सत्तेने समुद्रात जहाजे अडवावीत आणि दूरच्या सत्तेने तिला चोर म्हणावे, हे कोकणाला नवे नव्हते. आज कर्नाटकाच्या सीमाभागात, बसवकल्याण-हुलसूरच्या काळ्या रानात, समुद्राचा मागमूसही नाही. पण त्याच मुलखातील बीदर ही बहमनी सुलतानांची राजधानी होती आणि तिचा वजीर महमूद गवान खेळणा आणि संगमेश्वरच्या राजांवर चालून आला तो ते व्यापारी जहाजे लुटतात, या कारणासाठीच. त्या मोहिमेच्या अखेरीस, १४७२ मध्ये, त्याने गोवाही घेतला. घोडे आणि माल बंदरातून घाट चढून पठारावर जात असल्यामुळे समुद्रावर कोणाची हुकमत आहे, याची झळ बीदरपर्यंत लागत असे. कान्होजींच्या काळी मात्र एक मोठा बदल झाला होता. लाटांवर हक्क सांगणारा आता एखाद्या खाडीचा राजा नव्हता, तर छत्रपतींच्या शिक्क्याने नेमलेला अधिकारी होता.

कान्होजींना निर्दोष ठरविण्याचेही कारण नाही. त्यांच्या गलबतांनी पकडलेल्या जहाजांवर ज्यांचा कोणाशीच वैरभाव नव्हता असे व्यापारी होते, खंडणीसाठी अडकवून ठेवलेली माणसे होती. १७१२ मध्ये कारवारहून मुंबईला येणाऱ्या इंग्रजी जहाजांवर त्यांच्या आरमाराने झडप घातली. त्यांत मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका होती. कारवारच्या वखारीचा मुख्य टॉमस चाऊन लढाईत ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कॅथरिन कैद होऊन कुलाब्यास आली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन १७१३ च्या आरंभी तिची सुटका झाली. घरी परतली तेव्हा ती गरोदर विधवा होती. खंडणी त्या काळच्या युद्धाचा सर्वमान्य भाग होती, हे खरे. तरी त्या काही महिन्यांचा हिशेब कोणत्याही तहनाम्यात मांडलेला नाही. या प्रसंगानंतर दोन्ही पक्षांत तह झाला आणि काही काळ समुद्र शांत राहिला.

याच सुमारास कान्होजींच्या आयुष्यातील सर्वांत मोठा राजकीय पेच उभा राहिला. औरंगजेब १७०७ मध्ये वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी हा हक्क मानला नाही. कान्होजी ताराबाईंच्या बाजूस राहिले. ज्यांच्या हुकमतीत पदे मिळाली, त्यांच्याशी इमान राखणे त्यांना योग्य वाटले असावे. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले. कान्होजींनी पेशव्यांचा पराभव करून त्यांनाच कुलाब्यास अडकवून ठेवले. घाटमाथ्यावरचा लोहगड घेतला आणि आता ते साताऱ्यावर चालून येणार अशी आवई उठली. नवे छत्रपती, त्यांचा पेशवा शत्रूच्या कैदेत आणि शत्रू म्हणजे आपल्याच राज्याचा सरखेल! मराठी राज्य इतके डळमळीत क्वचितच झाले असेल.

हा गुंता सोडविला तो बाळाजी विश्वनाथ भट यांनी. ते मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे सिद्दीच्या मुलखातून घाटावर गेलेले. कान्होजींशी त्यांची जुनी ओळख होती आणि दोघांचीही ब्रह्मेंद्रस्वामींवर श्रद्धा होती. १७१३ च्या नोव्हेंबरात शाहू महाराजांनी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली आणि ते फौज घेऊन निघाले खरे, पण लढाई करण्यासाठी नव्हे. लोणावळ्याजवळ वळवण येथे आणि नंतर कुलाब्यास बोलणी झाली. १७१४ च्या तहाने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले. बहिरोपंतांची सुटका झाली. सरखेलपद आणि आरमार कान्होजींकडेच राहिले. दहा जलदुर्ग आणि सोळा भुईकोट व डोंगरी किल्ले त्यांना मिळाले. मग दोघांनी मिळून सिद्दीला वठणीवर आणले.

या बाजू बदलण्याला संधिसाधूपणा म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांच्याशी पूर्ण असहमत होता येत नाही, कारण सव्वीस किल्ले हा लहान मोबदला नव्हे. पण कान्होजींपुढे दुसरा पर्याय कोणता होता, हेही पाहावे लागते. कोल्हापूरचे घर स्वतःच फुटत होते आणि त्याच वर्षी ताराबाई आपल्या सवतीच्या कैदेत गेल्या. दोन छत्रपतींच्या भांडणात आरमार अडकून पडले असते तर मुंबईकर, सिद्दी आणि पोर्तुगीज या तिघांनी ते वाटून खाल्ले असते. घाट आणि किनारा एका धन्याखाली आले, याचा उपयोग सात वर्षांनी कुलाब्याच्या तटाखाली दिसून आला.

मधल्या काळात मुंबईत चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला होता. आंग्र्यांचा बंदोबस्त हे त्याने आपले जीवितकार्य मानले. १७१७ मध्ये त्याच्या जहाजांनी विजयदुर्गावर मारा केला. तटाला काही झाले नाही. १७१८ मध्ये खांदेरीवर मोहीम झाली, तीही फसली. पूर्वी आंग्र्यांच्या चाकरीत राहिलेल्या मॅन्युएल दी कास्त्रो नावाच्या पोर्तुगीजाला इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी करावयास बसविले होते आणि त्याच्या डोळ्यांदेखत कान्होजींच्या गलबतांनी बेटावर रसद पोचविली. १७२० मध्ये विजयदुर्गावर पुन्हा हल्ला झाला. या वेळी तोफांचा एक तरंगता बुरूजच बांधून आणला होता, पण त्याचाही उपयोग झाला नाही. या सर्व मोहिमा ज्या मुंबईच्या कोटात आखल्या गेल्या, त्याच जागी आज भारतीय नौदलाचे किनाऱ्यावरील ठाणे आहे आणि १९५१ पासून त्याचे नाव आयएनएस आंग्रे आहे.

या अपयशाची किंमत मात्र भलत्याच माणसाने मोजली. रामा कामती हे मुंबईतील धनाढ्य शेणवी व्यापारी, कंपनीच्या भंडारी पलटणीचे मुख्य आणि वाळकेश्वरचे मंदिर पुन्हा उभारणारे दाते. कान्होजींशी आतून संधान बांधून मोहिमेच्या बातम्या फोडल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. साक्षीदारांचा छळ करून जबाब घेतले, पत्रे पुढे केली, मालमत्ता जप्त केली आणि जन्मठेप दिली. १७२८ मध्ये ते तुरुंगातच वारले. ती पत्रे बनावट होती असा निष्कर्ष पुढच्या इतिहासकारांनी काढला. खांदेरी पडत नाही, तर कोणीतरी फितूर असलाच पाहिजे, असा हा तर्क होता. समोरचा शत्रू केवळ आपल्यापेक्षा चांगला दर्यावर्दी असू शकतो, हे मान्य करणे मुंबईच्या कौन्सिलला जड गेले.

आता गोव्याचा भाग येतो. एकट्याने जमत नाही हे पाहून इंग्रजांनी गोव्याचे व्हाइसरॉय फ्रांसिस्को जुझे द सांपायु ई कास्त्रो यांच्याशी १७२१ च्या ऑगस्टमध्ये करार केला. कुलाबा दोघांनी मिळून घ्यायचा. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज मुंबईस आला होता, तोही सामील झाला. व्हाइसरॉय स्वतः गोव्याहून उत्तरेत आले. पोर्तुगीज आणि इंग्रज मिळून सुमारे सहा हजारांचे सैन्य चौलजवळ जमले आणि डिसेंबरात कुलाब्याकडे सरकले. दोन युरोपीय सत्ता, त्यांतील एक प्रत्यक्ष राजाच्या जहाजांसह, एका कोकणी किल्ल्यावर एकत्र चालून आल्याचे हे दृश्य अपूर्व होते.

कान्होजींनी साताऱ्याकडे मदत मागितली होती आणि १७१४ च्या तहाला येथे अर्थ आला. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले होते. त्यांचे तरुण पुत्र बाजीराव पेशवे पिलाजी जाधव यांच्यासह फौज घेऊन घाट उतरले. इंग्रजांनी धीर न धरता तटाला शिड्या लावल्या, त्या आखूड पडल्या. चढून गेलेली थोडी माणसे मारली गेली किंवा परतली. इतक्यात मराठ्यांचे घोडदळ मैदानात दिसले, पोर्तुगीजांच्या फळीत पळापळ झाली आणि ती पाहून इंग्रजही मागे फिरले. तोफा आणि दारूगोळा जागीच राहिला. मग सुरू झाली ती दोस्तांचीच आपसातील लढाई. संतापलेल्या मॅथ्यूजने पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताच्या सेनापतीच्या तोंडावर आपली छडी रोखली आणि व्हाइसरॉयांनाही वाटेल ते बोलला. व्हाइसरॉय आजाराचे कारण सांगून जहाजावर गेले. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी वरसोली येथे स्वतंत्र तह केला. मॅथ्यूज पुढे इंग्लंडला परतला, तेव्हा राजाची जहाजे खासगी व्यापारासाठी वापरल्याबद्दल त्याच्यावर लष्करी खटला चालला. जो माणूस चाच्यांचा नायनाट करावयास आला होता, त्याच्याबाबत हे विशेष नोंदण्यासारखे आहे.

पोर्तुगीजांनी तह करून शहाणपणा दाखविला, असे आज म्हणता येते. गोव्याहून वसईला जाणारी त्यांची जहाजे आंग्र्यांच्या चार-पाच ठाण्यांसमोरून जात आणि मुंबईच्या इंग्रजांशी त्यांचे सख्य कधीच मनापासून नव्हते. १७२४ मध्ये डचांनी सात लढाऊ जहाजे घेऊन विजयदुर्गावर नशीब अजमावले. तेही हात हलवीत परत गेले. चार सागरी सत्तांपैकी एकीलाही कान्होजींच्या हयातीत त्यांच्या मुख्य किल्ल्यांपैकी एकही घेता आला नाही.

हे कसे घडले, याचे उत्तर तोफांच्या संख्येत सापडत नाही. उघड्या समुद्रात इंग्रजी लढाऊ जहाजापुढे गुराब टिकत नसे आणि कान्होजींनी तसा हट्टही कधी धरला नाही. वारा पडला की गलबते गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीस आणीत, म्हणजे त्याच्या बाजूच्या तोफा निकामी होत. डोलकाठ्या आणि शिडे मोडून तो लंगडा झाला की चारी बाजूंनी माणसे वर चढत. डाव उलटला तर उथळ खाडीत शिरावे. तेथे खोल बुडाचे जहाज मागे येऊ शकत नसे आणि खाडीच्या मुखावर किल्ल्याच्या तोफा असतच. त्यांच्या आरमारात किनाऱ्यावरच्या सर्व जातींचे आणि धर्मांचे लोक होते, शिवाय युरोपीय गोलंदाजही होते. कामात निष्णात असेल त्याला जागा मिळे. स्वतः खालून वर आलेल्या माणसाला हे सुचणे साहजिक होते.

अखेरच्या वर्षांत मुंबईच्या गव्हर्नरशी, म्हणजे विल्यम फिप्सशी, त्यांचा पत्रव्यवहार झाला. गव्हर्नरने लूटमारीचा ठपका ठेवला, तेव्हा कान्होजींनी शांतपणे उत्तर दिले, की बळजबरीपासून कंपनीचा कारभारही मुक्त नाही आणि थोड्या साधनांनिशी चार-चार बादशहांशी लढून शिवाजी महाराजांनी राज्य उभे केले, त्याच वाटेने आम्ही चाललो आहोत. त्या पत्रात क्षमायाचना नाही आणि आरडाओरडाही नाही. आपण कोणाचे चाकर आहोत आणि कोणत्या हक्काने बोलतो आहोत, हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाची ती भाषा आहे.

४ जुलै १७२९ रोजी अलिबाग येथे कान्होजींचे निधन झाले. भर पावसाळ्याचे दिवस, आरमार छावणीत होते. त्यांची दगडी समाधी अलिबागेत आहे आणि खांदेरी बेटाला आता त्यांचे नाव दिलेले आहे. मागे सहा पुत्र होते. थोरले सेखोजी सरखेल झाले, पण ते १७३३ मध्येच वारले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत वाटणीचे भांडण लागले. मानाजींनी कुलाबा धरला, संभाजींनी सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग. भावाविरुद्ध भाऊ कधी पोर्तुगीजांची, कधी इंग्रजांची, कधी पेशव्यांची मदत मागू लागला. संभाजींच्या नंतर दक्षिणेची ठाणी तुळाजींकडे आली. ते वडिलांसारखेच कसलेले दर्यावर्दी होते, पण पुण्याचा अंमल त्यांनी जुमानला नाही.

कान्होजींना वाचविण्यासाठी १७२१ मध्ये एक पेशवा घाट उतरला होता. त्याच पेशव्याच्या मुलाने, नानासाहेबांनी, तुळाजींना मोडण्यासाठी इंग्रजांशी करार केला. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला, आग एकमेकांना बांधलेल्या गुराबा-गलबतांवर पसरली आणि दोन पिढ्यांचे आरमार वाघोटणच्या मुखाशी काही तासांत जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागले. त्यांना एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर हलविण्यात आले आणि समुद्राचे दर्शन पुन्हा न होता, तीस वर्षांच्या कैदेनंतर, ते बंदिवासातच वारले.